चाळीस धन्यवाद

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सगळ्यात कष्टाळू कोण असं विचारलं, तर सगळे एका सुरात अटॅचमेंटकाकांचं नाव घेतील. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता आठवत नाही. बहुधा मीच. काका नोंदणी कारकून. मी बाटल्यांमधलं पाणी तपासायचं, आकडे कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायचे, आणि ते त्यांनी डेटाबेसमध्ये भरायचे. कुठली बाटली कुठल्या टाकीची हे फक्त काकांना ठाऊक. तपासणारीला ठिकाण कळू नये असा नियमच आहे. फार चांगला नियम आहे, जबाबदारी झटकायला तर एकदमच.

तो डेटाबेस काकांनी पन्नाशी उलटल्यावर एका जाडजूड पुस्तकातून शिकून स्वतः बांधला. त्याचं सॉफ्टवेअर अख्ख्या खात्यात एकाच कॉम्प्युटरवर, म्हणजे काकांच्या. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्यातून रिपोर्ट निघायचा. चांगल्या टाकीची ओळ हिरवी, खराब टाकीची लाल, आणि ओळीवर क्लिक केलं की त्या टाकीची सहा वर्षांची कुंडली समोर. मग काका तो चाळीस जणांना ईमेलने पाठवायचे. त्यात शाळा होत्या, दवाखाने होते, एक वृद्धाश्रम होता, आमचे साहेब होते, आणि मागितला नसताना मीही होते.

अडचण एवढीशीच होती. ज्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट निघायचा त्यातच तो उघडायचा. बाकी कुठेही क्लिक केलं की कॉम्प्युटर अदबीनं विचारायचा, ही फाईल कशात उघडू? त्याला माहीत नव्हतं, आम्हाला त्याहून नव्हतं. पण आम्ही पडलो शिकलेली माणसं. ‘मला उघडता येत नाही’ असं लिहून कोण स्वतःची शोभा करून घेणार? त्यापेक्षा दोन शब्दांचं उत्तर बरं: ‘मिळाला. धन्यवाद.’ चाळीस ठिकाणांहून चाळीस धन्यवाद, अळीमिळी गुपचिळी. साहेब तर एकदा मुद्दाम टेबलापाशी येऊन म्हणाले, "या वेळचा रिपोर्ट फारच सविस्तर झालाय हं!" काका पुढचे दोन दिवस हवेत होते.

मी एकदा पुण्याचं काम करायला गेले. म्हटलं, "काका, पीडीएफ करून पाठवा ना. लोकांना सोपं जाईल."

"पीडीएफ म्हणजे नुसता फोटो गं," काका म्हणाले. "फोटोतल्या माणसाला काही विचारता येतं का? आणि तक्रार कुणाची आहे? एक दाखव." असं म्हणून त्यांनी धन्यवादांचं फोल्डर उघडलं. सगळे महिनावार लावलेले. त्यात माझेही होते. मी म्हटलं, "तेही खरंच." आणि चहा प्यायला गेले.

काकांची मुलगी एका शाळेत ऑफिस सांभाळते, आणि नात त्याच शाळेत दुसरीत. एका महिन्यात पहिल्या मंगळवारी रिपोर्टमध्ये तीन लाल ओळी निघाल्या, त्यातली एक त्या शाळेच्या टाकीची. काकांनी त्या दिवशी जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही, आधी रिपोर्ट पाठवला. चार मिनिटांत मुलीचं उत्तर आलं: ‘मिळाला. धन्यवाद.’

"पोरगी चटपटीत आहे माझी," काका मला म्हणाले. "आता टाकी बंद करून घेईल बघ." मग त्यांनी डबा उघडला.

शुक्रवारी दुपारी मुलीचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर आणि त्यांचं घर कायम आमच्या कानांवर.

"बाबा, तिला ॲडमिट केलंय. उलट्या, जुलाब, थांबतच नाहीयेत. शाळेतली अजून नऊ मुलं आहेत इथे. डॉक्टर म्हणतात, पाण्यातून झालंय."

"अगं, पण टाकी बंद केलीत ना मंगळवारी?"

"कुठली टाकी?"

"लाल ओळ पाठवली होती की मी! तुझं धन्यवाद आलंय!"

पलीकडे मुलीचा आवाज एकदम खाली आला.

"बाबा, तो रिपोर्ट आमच्याकडे उघडत नाही. कधीच उघडला नाही. तुम्ही इतक्या हौसेनं पाठवता... तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही हो."

काकांनी तिला शाळेची टाकी बंद करायला सांगितलं. उरलेल्या दोन लाल ओळींपैकी एक दवाखाना होता, एक वृद्धाश्रम. दोन्हीकडे त्यांनी उभ्या उभ्या फोन केले. वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक म्हणाले, "हो हो, रिपोर्ट बघितलाय आम्ही." काकांनी विचारलं, "मग पाणी का देताय?" तिकडून ‘लगेच बंद करतो’ एवढंच आलं. मग काका हॉस्पिटलला गेले.

नात वाचली, बाकीची मुलंही. सोमवारी काका कामावर आले ते दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे होऊन. बसल्या बसल्या त्यांनी चाळीस जणांना एक ईमेल केला. अटॅचमेंट नाही, रंग नाहीत, फक्त एक ओळ: ‘मी पाठवतो तो रिपोर्ट तुमच्याकडे उघडतो का? खरं सांगा.’

दुपारपर्यंत एकतीस उत्तरं आली. ‘मिळाला. धन्यवाद.’ त्यात साहेबांचंही होतं.

माझ्या समोरही ती ओळ उघडी होती. बोटं सवयीनं ‘मिळा’पर्यंत गेली, आणि मला माझीच शिसारी आली. मी उठले. माझ्या टेबलापासून काकांचं टेबल दोन पावलं.

"काका, माझ्याकडे एकदाही उघडला नाही. सहा वर्षांत."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं. "बस. ती पीडीएफ कशी करतात, दाखव."

मी दाखवली. दोन क्लिक. मग त्यांच्याच ईमेलवरून ती माझ्या मोबाईलवर पाठवली. लाल ओळींसकट सगळी उघडली.

काकांनी शाळेची लाल ओळ बोटांनी मोठी करून बघितली. "एवढंच होतं?" त्यांनी विचारलं. मग मान वर करून माझ्या टेबलाकडे बघितलं.

"तू तर इथेच बसत होतीस गं."