कांचनजंगाचे कपाळ

माझे पोस्टिंग उत्तर सिक्कीममधल्या लष्कराच्या एका सिग्नल डिटॅचमेंटवर होते. समोर कांचनजंगा. उंची ८,५८६ मीटर, जगात तिसरी. नावाचा अर्थ हिमाचे पाच खजिने. एकोणिसाव्या शतकात काही काळ हाच पर्वत सर्वांत उंच मानला जाई. पहिले चढाई करणारे माथ्याच्या थोडे खाली थांबले, कारण सिक्कीमच्या लोकांना तसा शब्द दिला होता. पहाटे सर्वप्रथम त्याचा माथा लाल होई. खाली आम्ही अजून निळ्या काळोखात असू.

नाईक दौल्या पाडवी धडगावच्या वरच्या पाड्यातला, मी तळोद्याची. आमची बोली अहिराणी. त्या लाल माथ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “मॅडम, अस्तंबा आठे बी शे. त्यानं कपाय दुखी ऱ्हायनं.”

अस्तंबा हे आमच्या सातपुड्यातले शिखर; त्याला ते इथेही दिसत होते. तिथे अश्वत्थामा कपाळाची जखम घेऊन तेल मागत हिंडतो आणि चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा. पाडवीच्या आईने देवाला वाहायला मोहाच्या बियांचे तेल बाटलीत भरून दिले होते. थंडीत ते गोठे, म्हणून तो बाटली बनियनमध्ये बाळगी आणि रोज पहाटे एक थेंब बर्फावर सोडी.

“पाडवी, पहाड की चंपी हो गई?” हवालदार नेगी विचारी. “पकोडों के लिए कुछ बचा?”

आम्ही सगळे हसायचो. मीही.

वादळात डोंगराच्या धारेवरचा ॲन्टेना वाकला. नेगी आणि पाडवी गेले. वायरलेस सेटवर पाडवीचा आवाज आला, “ॲन्टेना सीधा. वापस आ रहे हैं. ओवर.”

“रॉजर. सांभाळून,” मी म्हणाले.

मग उतारावरचा बर्फ सुटला. नेगीला आम्ही जिवंत खणून काढले. पाडवी वादळ ओसरल्यावर सापडला.

त्याचे सामान घरी पाठवायला बांधताना बाटली रिकामी निघाली. “माँ के पास खाली कैसे भेजें?” म्हणत नेगीने ती लंगरच्या, आमच्या स्वयंपाकघरातल्या, मोहरीच्या तेलाने काठोकाठ भरली आणि बुचावर मेण ओतले. आम्हा सर्वांना ते योग्य वाटले.

सेवा संपल्यावर मी त्याच्या पाड्यावर गेले. बाटली फळीवर होती, भिंतीकडे वळवलेली, मेण तसेच. पाडवीची आई माझ्याकडे पाहत नव्हती.

“बाटली भरेल शे, बाई. पोऱ्यानी एक थेंब बी दिधा नही. लोके म्हनतस, म्हनीसन देवनी वाट दाखाडी नही. मी आते अस्तंबाले जात नही.”

आमच्या दयेने त्या माउलीला गावासमोर मान खाली घालायला लावली होती.

“बूच काढा, माय. वास घ्या.”

तिने मेण नखाने खरवडले. झोपडीत मोहरीचा उग्र वास पसरला. तिने पुन्हा हुंगले, बोटावर थेंब घेऊन चोळला.

“हाई मन्हं तेल नही.”

“तुमचं त्यानं सगळं वाहिलं. रोज. हे नंतर आम्ही भरलं.”

“तुम्ही कोन?”

“त्याला हसणारे.”

ती पदराने बाटली पुसून म्हणाली, “मंग हाई तुमना नाववर चढाडसु.”

दिवाळीत ती अस्तंबा चढली. मी मागे होते. माथ्यावर तिने आधी रिकाम्या तळव्याने दगडाचे कपाळ चोळले आणि मोठ्याने म्हटले, “दौल्या.” मग माझ्याकडे बाटली दिली.