मावशीचा डिकीवरचा पंख

माझी मावशी गाड्यांना स्पॉयलर करून देते. हे सांगितलं की समोरच्याच्या कपाळावर आठ्या पडतात, म्हणून मला पुढे जोडावं लागतं: शर्यतीच्या गाड्यांना मागे पंखासारखी फळी असते ना, तशी साध्या गाड्यांना हवी असणारेही लोक असतात. त्यांना ती करून देते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "पण साध्या गाडीला त्याचा उपयोग काय?"

हा प्रश्न मावशीच्या घरात सत्तावीस वर्षं चालू होता, कारण तो विचारणारे माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिथेच राहतात.

मावशी चोवीस वर्षांची असताना एका गॅरेजात सीटकव्हरं शिवायला लागली. शेजारच्या शेडमध्ये फायबरचं काम चालायचं: बंपर, पॅनेल, स्पॉयलर. ते काम करणारा कारागीर एक दिवस दुसऱ्या गावी नोकरी लागली म्हणून निघून गेला आणि मालकानं डोक्याला हात लावला. सहा बंपर कबूल करून बसला होता. मावशी म्हणाली, "मी करते. कापडच आहे की ते, काचेचं. साच्यावर बसवायचं आणि सुरकुती पडू द्यायची नाही. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

पहिल्या बंपरला कापडावर लावायच्या रेझिनचे इतके बुडबुडे आले, की मालक म्हणाला, "हा बंपर आहे की पाव?" काचेच्या बारीक धाग्यांनी तिचे हात आठ दिवस खाजत होते. पण सहावा बंपर निघाला तो गुळगुळीत. मालक थकला तेव्हा शेड तिनंच चालवायला घेतली.

काका शहराची बस चालवायचे. एकतीस वर्षांत बसला ओरखडा नाही, आणि त्यांना त्याचा अभिमान आहे, तो लपवायचा ते प्रयत्नही करत नाहीत. स्पॉयलर दिसला की त्यांची जीभ वळवळायची.

"माझी बस बारा मीटरची आहे. तिला लाव एखादा. वळणावर रस्त्याला चिकटून राहील."

"तुमच्या बसला चिकटवायला डिंकच लागेल," मावशी म्हणायची.

"हा म्हणजे नाकापेक्षा मोती जड."

"अहो, नाक माझं नाही, मोती माझा. ज्याचं नाक त्याला कळतं."

असं जेवताना, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना चालायचं. दोघांना त्याची इतकी सवय होती, की त्यात राग कधीच नव्हता. एकदा काका आठवडाभर तापानं पडले, तर मावशी म्हणाली, "घर कसं सुनं सुनं वाटतंय. कुणी माझ्या धंद्याला नावं ठेवेना."

तिनं केलेल्या सगळ्या कामांत तिचं सर्वांत लाडकं होतं ते एका दंतवैद्याच्या गाडीवरचं. गाडी छोटी, दोन दारांची, मागून एकदम कापल्यासारखी उतरती. दंतवैद्य म्हणाला होता, "रस्त्यावर माणसानं वळून बघायला हवं." तोवर मावशी दुसऱ्यांच्या आकारांवरून साचे काढायची. हा आकार मात्र तिनं स्वतःच्या मनानं काढला. पाच आठवडे खपली. मध्ये किंचित खोलगट, दोन्ही टोकांना हलकेच वर उचललेला, दोन पायांवर डिकीच्या दारावर उभा असलेला पंख. आजूबाजूच्या गॅरेजांतले लोक बघायला आले. गाडी देताना मावशीनं नेहमीचं वाक्य म्हटलं, "ऐंशीच्या पुढे गेलात की गाडी रस्त्याला घट्ट धरून चालेल." हे वाक्य तिनं त्या जुन्या कारागिराकडून उचललं होतं. त्यानं कुठून उचललं होतं ते देव जाणे. गाडीचा फोटो तिनं कामाच्या टेबलासमोर लावला.

चार वर्षांनी तीच गाडी शेडच्या दारात येऊन उभी राहिली. आतून उतरल्या त्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवणाऱ्या बाई. केस आखूड, आवाज खणखणीत. पाण्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचायची सवय असलेला. गाडी त्यांनी दंतवैद्याकडून विकत घेतली होती.

"ताई, हा मागचा पंख काढून द्याल का?"

मावशीनं हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. "का? तडा गेलाय?"

"छे हो. देखणा आहे. पण मागचं काही दिसत नाही. परवा तलावाच्या आवारात गाडी मागे घेत होते. एक आजोबा बुटाची नाडी बांधायला वाकले होते. आरशात बघितलं तर पंख दिसला, आजोबा दिसलेच नाहीत. पलीकडून कुणीतरी ओरडलं म्हणून ब्रेक दाबला."

मावशी गाडीत जाऊन ड्रायव्हरच्या जागी बसली. आरशात बघितलं. मागच्या काचेच्या बरोबर मधोमध तिची ती सुंदर वळणाची फळी आडवी पडली होती. खाली मागच्या गाडीची टायरं दिसतील एवढीच फट होती, वर आभाळ. नंतर ती मला म्हणाली, "मी त्याच्याकडे डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, शिडीवर चढून वरून बघितलं. आत बसून काही बघितलं नाही गं."

तरी ती लगेच हरली नाही. गाडीतून उतरून म्हणाली, "काढते. पण बाई, गाडीची पकड कमी होईल. वेगात चालवताना जपा."

"याच्यामुळे पकड येते? कशावरून?"

सत्तावीस वर्षं काका हेच विचारत होते. पण त्यांना उलट टोमणा मारला की भागायचं. बाई मात्र खरोखरच उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"खरं सांगू? मला माहीत नाही," मावशी म्हणाली.

"मग बघूया की! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी मुलांच्या घोट्याला दोरा बांधते. पोहताना पाणी पायावरून सरळ जातंय की घुसळतंय, ते दोऱ्यावरून कळतं. हवाही तशीच वाहते ना?"

आणि अशा रीतीनं सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं कारखान्यांकडे जाणाऱ्या रुंद, सरळ रस्त्यावर जमलो. कारखाने बंद, त्यामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मावशीनं विणकामातली उरलेली निळी लोकर आणली होती. बोटाएवढे तुकडे करून आम्ही ते चिकटपट्टीनं गाडीच्या टपावर, मागच्या काचेवर आणि पंखावर रांगेनं चिकटवले. गाडीला अंगावर काटा आल्यासारखं दिसत होतं.

बाईंची गाडी चालवायला अर्थातच काका. काकांची स्वतःची गाडी मी घेतली, शेजारच्या लेनमधून थोडी मागे राहून चालवायची होती. मावशी माझ्या बाजूला, बाई मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून.

चाळीसच्या वेगाला पंखावरचे धागे नुसते लोंबत होते. साठला हलायला लागले. काकांनी बरोबर ऐंशीवर नेऊन काटा तिथेच धरला, बस चालवणाऱ्या माणसाचा पाय तो. मावशी पुढे वाकून बघत होती. टपावरचे धागे विंचरलेल्या केसांसारखे सरळ मागे गेले होते. पण काचेवरचे धागे उलटे, वरच्या दिशेनं चढत होते, आणि पंखावरचे तर कुणी उजवीकडे, कुणी डावीकडे, कुणी गोल गोल.

"वाट चुकल्यासारखे हिंडतायत," मावशी हळूच म्हणाली.

बाई मागून म्हणाल्या, "पोहणाऱ्याच्या मागचं पाणी असंच असतं. घुसळलेलं."

"म्हणजे टपावरची हवा तशीच निघून जातेय. खाली उतरतच नाही. माझा पंख जिथे आहे तिथे ती धड पोचतच नाही!"

गाड्या कडेला घेतल्या. काका उतरले. आता हे काय काय बोलणार, असं मला वाटलं.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"नुसती शोभा आहे हो," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "लोकांना मी काय काय सांगत आले."

काका हसले नाहीत. हात मागे बांधून पंखाकडे बघत राहिले. "शोभा तर आहेच. ती मी कधी नाकारली?"

"सत्तावीस वर्षं नाकारताय!"

"उपयोग नाही म्हणालो. वाईट दिसतो असं म्हणालोय का कधी? आठवून सांग."

मावशीनं आठवून बघितलं. नव्हते म्हणाले.

तिचा चेहरा जरा सैल झाला आणि लगेच हात शिवशिवायला लागले. काकांच्या गाडीत एक रिकामं खोकं होतं. त्याचा पुठ्ठा फाडून तिनं चार बोटं रुंद पट्टी कापली, पंखाच्या जागी नाही तर वर, टपाच्या मागच्या कडेला चिकटवली. "हवा जिथे आहे तिथे जाऊन विचारू तिला." पुन्हा ऐंशी. काचेवरच्या सगळ्यांत वरच्या रांगेतले धागे पहिल्यापेक्षा शांत दिसले. बाकीच्यांत फरक नाही. काकांना विचारलं, तर म्हणाले, "स्टिअरिंगला काडीचा फरक नाही. पुठ्ठा आहे की नाही, मला आत बसून सांगता आलं नसतं."

"आणि आरशात?"

"आरशात सगळं स्वच्छ. पुठ्ठा वरच्या वर राहतो."

पंख मावशीनं दुसऱ्याच दिवशी काढला. डिकीच्या दाराला चार भोकं होती, तिनंच मोजूनमापून पाडलेली. शेजारच्या, पत्र्याचे पोचे काढणाऱ्या डेंटरकडून ती वेल्डिंगनं बुजवून घेतली, वर पुट्टी, मग घासकाम, मग रंग. बोट फिरवलं तरी जागा सापडू नये, असं काम झालं. बाई गाडी न्यायला आल्या, मागे जाऊन उभ्या राहिल्या, मान इकडून तिकडे केली.

"ताई, रागावू नका. पण आता फारच बोडकी दिसते हो."

मावशी मोठ्यानं हसली. "तुम्हीच काढायला सांगितलात ना?"

"हो. पण तो पुठ्ठा चांगला दिसत होता. तसा एक करून द्या. उपयोग नाही, हे मला माहीत आहे. डोळ्यांनी बघितलंय मी."

"मग कशाला?"

"हौस. पंचेचाळिसाव्या वर्षी लाल गाडी घेतली ती काय उपयोगासाठी घेतली?"

काढलेल्या पंखावर एकाचा डोळा होता. एक औषधविक्रेता सुट्टीच्या दिवशी बंदिस्त ट्रॅकवर गाडी पळवायचा. तो म्हणाला, "मला द्या, माझ्याकडे याचा खरा उपयोग होईल." मावशीनं साफ नाही म्हटलं. ट्रॅकवरच्या वेगात वाऱ्याचा दाब यायचा, तो झेलायला हा केलाच नव्हता. पाय तुटून पंख मागच्याच्या काचेवर गेला असता. "त्यासाठी हिशेब करून, दाब देऊन बघणारा माणूस गाठा," तिनं सांगितलं. "माझं काम दिसण्याचं." हे वाक्य म्हणायला तिला जड जाईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट तिचे खांदे हलके झाल्यासारखे दिसले.

पंख तिनं करवतीनं कापला. मधला खोलगट तुकडा तेवढा ठेवला, कारण ते वळण तिला आवडायचं, आणि त्यावरून टपाच्या कडेच्या पट्टीचा साचा काढला. बाईंच्या गाडीवर त्यातली पहिली पट्टी बसली. फोटो मात्र तिनं भिंतीवर तसाच ठेवला. "चांगलं काम होतं. चुकीच्या जागी होतं, एवढंच," असं ती म्हणते.

आता मोठा पंख मागायला कुणी आलं, की मावशी आधी त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवते आणि स्वतः मागे जाऊन काचेसमोर पुठ्ठा धरते. "मी दिसतेय का?" नाही म्हणाला, तर म्हणते, "मग मी लावून देणार नाही. दुसरीकडे जा, पण जाताना माझी आठवण ठेवा." काही जण जातात. बरेचसे हसतात आणि पट्टी लावून घेतात. पकडीचं कुणी विचारलं, तर तिचं नवं वाक्य तयार असतं: "रस्ता धरायचं काम टायरांचं. त्यांच्यात हवा बघत जा."

काका निवृत्त झाले आणि दुसऱ्या महिन्यात तोंडाला मास्क लावून शेडमध्ये घासकामाला बसले. हात संथ, पण लेव्हलला पक्के. पट्टी केसभर जरी तिरकी बसली, तरी लांबूनच ओरडतात. परवा एक टॅक्सीवाला आला होता. मावशी त्याला समजावत होती, की तुझ्या गाडीला याची काही गरज नाही. तो बिचारा मान हलवत होता, पण पाय निघत नव्हता. शेवटी काकाच म्हणाले, "अगं, दिवसाचे दहा तास बसतो तो तिच्यात. त्याला ती देखणी वाटू दे की."

मावशीनं त्याला रंगाच्या नमुन्यांची पाटी दिली. तो पंधरा मिनिटं दोन पांढऱ्यांमधून एक पांढरा निवडत होता.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा तिनं, फायबर चिकटू नये म्हणून, साच्याला मेणाचा हात नुकताच दिला होता. असे पाच हात द्यायचे असतात आणि प्रत्येकानंतर मेण वाळू द्यावं लागतं. तेवढ्या वेळात ती खुर्चीत मागे रेलून बसते, पाय समोरच्या डब्यावर टाकते. पलीकडे काकांच्या पॉलिशपेपरची खरखर चालू असते. मी "येते गं" म्हटलं, तर डोळे न उघडताच तिनं हात हलवला.