सुलभाच्या गाडीवरचं वाक्य

संभाजीनगरहून सकाळची बीड गाडी वेळेवर सुटली, म्हणून मी खुशीत होते. पिशवीत भावजयीसाठी साडी, तिच्या नव्या गाडीसाठी हार-नारळ आणि एका कागदावर नीट क्रमानं लिहिलेली वाक्यं होती.

भावजय म्हणजे सुलभा, माझ्या धाकट्या भावाची, दिगंबरची बायको. सीताफळं बाजारात न्यायला तिनं पिकअप घेतली होती, चालवायलाही शिकली होती. मागच्या फळीवर लिहायला वाक्य हवं होतं. "वन्सं, माझं वाटंल असं आणा," एवढंच ती फोनवर म्हणाली. असली कामं घरात माझ्याकडेच येतात. माझ्या टेबलासमोर 'वेळेवर निघा, वेळेवर पोचा' असा कागद कित्येक वर्षं चिकटवलेला आहे आणि माझा संसार त्यावरच चालतो.

गेवराईत ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि माझं वेळापत्रक तिथंच मोडलं. लिंबागणेशला पोचले तेव्हा दिवे लागले होते.

दिगंबरचं वाक्य तयार होतं, 'आई-वडिलांची पुण्याई'. "बाईच्या गाडीला येगळं वाक्य कावून (का) लागतं, आक्का?"

"गाडी बाई चालवते म्हणून," मी म्हटलं.

सुलभानं भाकरी थापता थापता माझा सगळा कागद ऐकून घेतला. 'जिद्द हेच भांडवल' मला फार आवडलं होतं.

"चांगली हाईत," ती म्हणाली. "शाळेच्या भिंतीवर शोभतील."

सकाळी गणपतीपुढे गाडी नेली, नारळ फोडला, क्रेट चढवले. दिगंबरनं बजावलं, "वाटंत थांबू नको. सीताफळ थांबत न्हाई."

माझी परतीची बस बीडहून होती, म्हणून मीही सुलभाशेजारी बसले. गाव सुटतंय तोच एका म्हाताऱ्यानं हात केला. सुलभा थांबली. पुढे गाठोडी घेतलेल्या दोघी. मांजरसुंब्याच्या अलीकडे एक माणूस, बरोबर शेळी. ती थेट मागे, सीताफळांच्या शेजारी.

"सुलभा, माल!" मी घड्याळ पुढे केलं.

"दिसतोय की, वन्सं. शेळी आखूड बांधलीय."

घाट उतरून पालीला दोघी बायका उतरल्या. बिंदुसरेच्या धरणात ऊन पसरलं होतं. "बघून घ्या, तेवढाच थांबायचा फायदा," सुलभा म्हणाली. मग गाडी सुरू न करता म्हणाली, "गाडी नव्हती तवा डोक्यावर पाटी घिऊन मी रस्त्याला उभी राहायचे. हात करून करून खांदा दुखायचा. गाड्या रिकाम्या जायच्या, वन्सं. भरलेल्या गेल्या असत्या तर वाईट वाटलं नसतं."

मी घड्याळ पदराखाली घेतलं.

बीडच्या बाजारात आडत्यानं (माल विकून देणाऱ्या दलालानं) तोंड वाकडं केलं. "लई उशीर, भाभी. फळं फुटायला लागली." वरच्या क्रेटांचा भाव त्यानं पाडलाच. आता हिला शहाणपण येईल, असं मला वाटलं. सुलभानं पैसे कनवटीला लावले आणि गाडी सरळ पेंटरकडे नेली.

"बोला, काय लिहू?"

मी कागद काढला. तिनं तिकडे पाहिलंही नाही. "लिहा, हात करा, थांबते."

पेंटर हसला. "मालाच्या गाडीवर? लोक लटकतील, मावशी."

"लटकू द्या. शेळी बसली, माणसं न्हाई का बसणार?"

"मालक काय म्हणतील?"

"वाचतील."

पिवळी अक्षरं वाळेपर्यंत आम्ही भजी खाल्ली. आज सकाळपासून गेलेला वेळ, उतरलेला भाव, सगळं तिला माहीत होतं. तरी ती त्या फळीकडे लेकीकडे पाहावं तशी पाहत होती. स्टँडवर पोचलो तर माझी बस सुटलेली. "गेली की वो तुमची गाडी!" म्हणत सुलभा एवढी हसली की मलाही हसू आलं.

पुढच्या बसनं निघाले. गेवराई मागे पडली. शेताच्या वाटेनं एक बाई हात वर करून पळत येत होती. ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही. मी उठून घंटीची दोरी ओढली.

कंडक्टर वैतागला. "तुमच्या वळखीची हाय का?"

"नाही. पण तिनं हात केलाय."

बस थांबली. बाई धापा टाकत माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "किती वाजले वो?"

घरी पोचायला उशीर झाला. टेबलासमोरचा कागद मी काढला नाही. वेळेवर निघायलाच हवं. पोचायचं कधी, ते मात्र आता वाटेवर कोण उभं आहे त्यावर सोडलंय.