पाचच्या डावीकडची जागा

माझ्या मामाला धक्क्यावर सगळे 'पाच' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. "पाचकडे जाऊ नकोस, डोकं खाईल," असं नव्या गिऱ्हाइकाला आवर्जून सांगतात. कारण दहा फुटी होडीला किती हॉर्सपॉवरची मोटर लावू, असं कुणीही, कितीदाही, कितीही गोड बोलून विचारलं तरी मामा पाचच म्हणतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाची अशी टिंगल करणाऱ्यांना आपल्याच होडीच्या तळाचा आकार विचारा, सांगता येणार नाही.

मामा होड्या बांधतो. प्लायवूडच्या, सपाट तळाच्या, तीन माणसं बसतील एवढ्या. शेडचं मागचं दार उघडलं की उतार थेट पाण्यात जातो. कानावर पेन्सिल, नखांत वाळलेला गोंद, आणि चहा नेहमी गार झालेला, कारण गोंद लावायला घेतला की तो चहाकडे बघत नाही. राग मात्र गरमागरम. फळी तिरकी कापली म्हणून त्यानं एकदा स्वतःलाच इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा दोरवाला भांडण सोडवायला आला होता.

प्रत्येक होडीच्या मागच्या फळीला, जिथं मोटर लागते तिथं, आम्ही अॅल्युमिनियमची पाटी ठोकतो. माणसं किती, वजन किती, मोटर किती. आकडा मामा काढतो. होडीची लांबी दहा फूट, मागची फळी चार फूट, गुणाकार चाळीस. चाळीसला तक्त्याप्रमाणे साडेसात चालली असती, पण तळ सपाट, म्हणून एक पायरी खाली. पाच. पाटीवर ठसे मारायचं काम माझं. पोलादी आकडे आहेत, शून्य ते नऊ, हातोडीनं ठोकायचे. ते एका खणात असतात. खणाला दोन किल्ल्या. एक मामाकडे, दुसरी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला.

ठसे मारताना मामाचा एक दंडक होता. आकड्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी चिकटून, आडवी रेघ मारायची. मला ती रेघ कुरूप वाटायची. माझा हात चांगला आहे, हे मीच सांगते. आकडा मधोमध, भोवती मोकळी जागा, अशी पाटी मी एकदा केली आणि मामाच्या नजरेतून ती सुटली. ती होडी घेतली माझ्या मोठ्या दिरांनी.

दीर खाडीपलीकडे राहतात. बायको, पाच वर्षांची मुलगी. रोज लाँचची वाट बघण्यापेक्षा आपली होडी बरी, हे मलाही पटलं होतं. पण चार महिन्यांत त्यांना कुणा मित्राकडून पंधरा हॉर्सपॉवरची जुनी मोटर मिळाली आणि ते शेडमध्ये हजर झाले.

"मामा, पाटी बदलून द्या. तपासनीस पाटी बघितल्याशिवाय नोंद करत नाही."

"होडी बदलून आण," मामा म्हणाला. "मग पाटी बदलतो."

"अहो, जोर जास्त असला तर वाईट काय? हळू चालवीन."

"वजनाचं काय करशील? पाचची मोटर सत्तावीस किलोची. ही पन्नासच्या वर. तू नव्वद. सगळं मागच्या टोकाला. वेग घेऊन एकदम थांबलास की स्वतःचीच लाट मागून आत येईल. थांब, तेवढ्या वजनाचे पाण्याचे डबे भरून दाखवतो."

"मी काय डबे घेऊन फिरणार आहे?" दीर हसले आणि गेले. मामानं हातातली पॉलिश पेपरची घडी भिंतीवर फेकली. दिवसभर तो माझ्याशीही धड बोलला नाही, जणू दीर मी आणले होते.

आठ दिवसांनी मी धक्क्यावर खिळे आणायला गेले, तर होडी बांधलेली, मागे ती काळी धिप्पाड मोटर, आणि जाऊबाई मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या. दीर दोर सोडत होते. मी पाटी बघितली. पंधरा.

माझ्या पाचच्या डावीकडे, मी हौसेनं सोडलेल्या जागेत, एकचा आकडा उभा होता. आणि त्याच्या पायाचा उजवा कोपरा तुटलेला होता. आमच्या खणातल्या एकच्या ठशाचा कोपरा तसाच तुटका आहे. मामाची किल्ली मामाच्या गळ्यात. म्हणजे दुसरी. म्हणजे माझा नवरा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं म्हणतात ते उगाच नाही, मला खरंच पायांपासून तापल्यासारखं झालं.

"वहिनी, उतरा."

"का गं? काय झालं?"

"ही पाटी खोटी आहे. तो एक मागून मारलाय. उतरा आधी, मुलीला इकडे द्या."

"नोंद झालीय," दीर म्हणाले. "सरकारी शिक्का आहे. तू आता घरची भांडणं इथं नको आणूस."

जाऊबाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. मग मी बोलण्यात वेळ घालवला नाही. शेड पन्नास पावलांवर. छिन्नी आणि हातोडी घेऊन आले, होडीत उतरले आणि पाटीवरचा तो एक खरवडून काढला. पाटी फाटली. धक्क्यावर माणसं गोळा झाली, तपासनीसही आला, आणि फाटक्या पाटीची होडी सोडायला त्यानं नकार दिला. जाऊबाई मुलीला घेऊन लाँचनं गेल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनही बघितलं नाही.

घरी नवऱ्यानं काखा वर केल्या. "दादानं मागितलं, नाही कसं म्हणू? एकच तर ठोका मारायचा होता."

"त्या होडीत तुझी पुतणी बसते."

"काही झालं का? नाही ना झालं? मग चारचौघांत तमाशा कशाला?"

हे वाक्य मला पुढे पंधरा दिवस जो तो ऐकवत होता. सासूबाई, शेजारी, दोरवाला. काही झालं असतं तर हेच लोक 'आम्हाला ठाऊकच होतं' म्हणत जमले असते. काही झालं नाही, म्हणून कजाग मी.

मामाला मी सगळं सांगितलं. वाटलं, आता शेडचे पत्रे उडतील. तो ओरडला नाही. फाटकी पाटी हातात घेऊन त्यानं उजेडात धरली आणि विचारलं, "जागा कोणी सोडली?"

"मी."

"बरं," म्हणाला आणि कामाला लागला. त्यापेक्षा त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर एका सकाळी जाऊबाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या. सोबत मुलगी. होडी त्यांनी मोटर काढून, ओळखीच्या माणसाकरवी धक्क्यावरून वल्हवत आणवली होती.

"मामा, तुम्ही ते डबे भरून दाखवणार होता म्हणे. मला दाखवा."

मामानं 'काय गरज' वगैरे काही म्हटलं नाही. दहा लिटरचे चौदा डबे आम्ही तिघांनी मिळून भरले. पाच मोटरचे, नऊ दिरांचे. सगळे मागच्या टोकाला रचले. मग जाऊबाई मुलीला घेऊन मधल्या फळीवर बसल्या. मागची फळी खाली गेली. वीतभर राहायला हवी तिथं पाण्याच्या वर दोन बोटं उरली. मुलीनं बसल्या जागेवरून हात खाली सोडला.

"आई, पाणी हाताला लागतंय," ती खूश होऊन म्हणाली.

मामानं काठावरून होडीला पायानं हलकेच दाबलं. पाणी मागून आत आलं आणि डब्यांभोवती फिरलं. जाऊबाईंची चप्पल भिजली.

"आणि ही उभी होडी आहे," मामा म्हणाला.

जाऊबाईंनी मुलीला घट्ट धरलं. "हे त्यांना सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी इथंच होते."

त्यांनी मुलीला मामाकडे दिलं आणि एकेक डबा उचलून पाण्यात रिकामा केला, चौदाही. आम्हाला हात लावू दिला नाही. पंधराची मोटर त्या आठवड्यात विकली गेली. ती कुणी घेतली आणि कसल्या होडीला लावली, याची चौकशी मामा अजून करत फिरतो.

नवी पाटी मीच केली. पाच, आणि दोन्ही बाजूंना इतकी चिकटून रेघ की मध्ये नखही जाणार नाही. कुरूप दिसते. आता सगळ्याच पाट्या तशा करते.

परवा नवरा स्वयंपाकघरात आला. थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला.

"किल्ली खिळ्याला नाही," तो म्हणाला.

"नाही," मी म्हणाले आणि भाजी चिरत राहिले.