ब्रेक शाबूत होते

सायकलचे दोन्ही ब्रेक शाबूत असताना मी ती तळ्यात घातली, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

सांगायचं कारण असं की, आमच्या घरी ही हकीकत जावई सांगतात आणि चुकीची सांगतात. त्यांच्या हकीकतीत मी "आग! आग!" असा टाहो फोडत म्हशींच्या कळपात घुसतो. साफ खोटं! कळप कसला? म्हशी चारच होत्या. (एक रेडकू होतं, पण ते आधीपासूनच काठावर होतं. त्याचा दोष माझ्यावर नको.)

आता माझी बाजू. बेगम बाजारात माझं मसाल्याचं दुकान आहे, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. भालकीजवळच्या खेड्यातून हैदराबादला आलो तेव्हा याच बाजारात सायकलवरून मिरचीची पोती पोचवायची नोकरी धरली. मालकाशी घासाघीस करून पुढे तीच काळी सायकल विकत घेतली. तो माझा पहिला सौदा, म्हणून ती अजून ठेवली आहे. तेव्हापासून सांगितलेल्या किमतीला मी फक्त पोस्टाचं तिकीट घेतलंय. (आबिड्सच्या पोस्टात एकदा विचारून पाहिलं होतं. नाही म्हणाले.)

आमचे जावई केदारराव पुण्याचे, आयटीतले. माणूस सोन्यासारखा, पण छापील किमतीला खरेदी करतो! त्यांना आणि आमच्या मृणालला एक नवा नाद लागला. सायकलला पिशव्या बांधायच्या, उन्हातान्हात गावोगाव हिंडायचं, मिळेल ते खायचं आणि रात्री एखाद्या देवळात नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पथारी पसरायची. याला बाइकपॅकिंग म्हणतात. आम्ही याला गरिबी म्हणायचो.

त्यासाठी केदाररावांनी खास पिशव्या आणल्या. किंमत ऐकून मी मटकन खुर्चीत बसलो. खुर्ची शेजारी होती.

"थोडं कमी करा म्हणालात की नाही?" जमिनीवरूनच विचारलं.

"फिक्स्ड प्राइस होती, बाबा."

"कोण म्हणालं?"

"दुकानदार."

"अहो, तोच म्हणणार! त्याची बायको म्हणाली असती तर गोष्ट वेगळी!"

एका रविवारी जेवताना मृणाल सहज म्हणाली, "दिवाळीनंतर थंडीत आम्ही सायकलने बिदरला जाणार. तिथून भालकी."

माझा घास हातातच राहिला. भालकी! ज्या गावातून मी पत्र्याची ट्रंक घेऊन निघालो, तिथे माझ्याच सायकलवर बसून जायचं, शेजारी मुलगी!

"मी पण येणार," मी म्हणालो.

केदाररावांना ठसका लागला.

"बाबा, तुम्ही वाटेत प्रत्येकाशी भांडाल," मृणाल म्हणाली.

"मी? मी भांडतो? कोण म्हणतं? बोलाव त्याला इथे!"

"बघ," आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाई भाजी वाढत म्हणाल्या.

शेवटी तडजोड झाली. एप्रिलमध्ये विकाराबादच्या बाजूला एका रात्रीची ट्रिप होती, तीत माझी परीक्षा घ्यायची. अटी मृणालने ठरवल्या : भांडण नाही आणि भाव नाही. एकदा जरी घासाघीस केली, तरी भालकी रद्द. मी अटी थोड्या कमी करायला सांगितल्या. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आमटी मागितली.

तयारी मात्र माझ्या पद्धतीने केली. अट ट्रिपपुरती होती, त्याआधी मी मोकळा होतो! आमच्या गल्लीच्या टोकाला खाजामियाँचं थैल्यांचं दुकान आहे. त्याच्याकडे मी मोठी प्लास्टिकची थैली मागितली, भाव ऐकला, हसलो, उठलो, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा बसलो. खाजामियाँ घामाघूम झाला.

"क्या सेठ, मेरे कू बरबाद करते क्या?"

"देनेका है तो दो. नक्को तो नक्को."

त्याने उसासा टाकून आतून एक थैली आणली. "लेव. इस भाव में थैली आती, सेठ. भरोसा नई आता."

मी विजयी मुद्रेने घरी आलो. थैलीत मी माझ्याच दुकानातलं लालजर्द तिखट भरलं. कुत्र्यांसाठी! केदाररावांनी कुत्री पळवायचं एक शिट्टीवजा यंत्र विकत घेतलं होतं (छापील किमतीला). म्हटलं, मूठभर तिखट उधळलं की कुत्रंच काय, वाघ शिंकत जाईल. मूठभरासाठी थैलीभर कशाला, असं कोणी विचारू नये. घाऊक व्यापाऱ्याला मूठ समजत नाही. चहासाठी रॉकेलचा जुना स्टोव्हही घेतला आणि दोन्ही शेजारीशेजारी कॅरिअरवर बांधले.

"अहो, पाठीशी आग बांधून फिरणार आहात का?" सुनंदा म्हणाली.

"काही होत नाही."

"उन्हात भडकला म्हणजे कळेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो होतो, पण माझी पाठ विसरली नव्हती.

पहाटे निघालो. शहर संपलं, चेवेळ्ळाच्या रस्त्यावरचे वड लागले आणि मी बऱ्याच वर्षांनी पायडल मारताना शीळ घातली. डोक्याला ओला पंचा, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. वाटेत एक कुत्रं आलं. मी थैलीकडे हात नेला तर ते शेपूट हलवत मृणालच्या मागे गेलं. मग ताडगोळेवाला भेटला. त्याने भाव सांगितला आणि माझ्या दोन्ही कानांत शिट्ट्या वाजल्या. मृणाल माझ्याकडे बघत होती. मी वडाकडे तोंड करून उभा राहिलो. केदाररावांनी सांगितले तेवढे पैसे दिले. ताडगोळेवाल्याचा चेहराही पडला! बिचाऱ्याने अर्ध्यावर यायची तयारी करून ठेवली असणार.

ऊन तापलं तसं आम्ही विश्रांतीला एखादी सावली शोधत एका गावाच्या रस्त्याला वळलो. उतार होता, रस्ता खड्ड्यांचा. पुढे मृणाल, मध्ये मी, मागे केदारराव. प्रत्येक खड्ड्यागणिक स्टोव्हची पिन खाजामियाँच्या थैलीत घुसत होती, हे मला नंतर कळलं. भरोसा आला नव्हता तो इथे!

थैली माझ्या पाठीला टेकूनच फाटली. घामाने निथळणारी पाठ आणि त्यावर एक नंबरचं तिखट! आधी गुदगुल्या झाल्या. मग चटका. मग अशी भगभग की बनियन तव्यावर भाजून घातल्यासारखं वाटलं. मागे वळून पाहिलं तर लाल धुराचा लोट! आणि त्या लोटातून केदाररावांचा आवाज :

"बाबा! ति... ति... आक्छी! थां... आक्छी!"

इतक्यात तळ्याकाठी म्हशी सांभाळत बसलेली एक बाई उठली आणि दोन्ही हात हवेत नाचवत ओरडू लागली, "आगु! आगु! ओ पेद्दायना, आगु!"

आता तेलुगूत 'पेद्दायना' म्हणजे वडीलधारा माणूस आणि 'आगु' म्हणजे थांब. मला माहीत आहे! मी काय काल आलोय का हैदराबादला? पण माझं तेलुगू दुकानातलं. 'एंत' (किती), 'तक्कुव' (कमी), 'रेपु रा' (उद्या ये) यांच्या पलीकडे ते गिऱ्हाईक असल्याशिवाय चालत नाही. त्यात पाठ पेटलेली, मागे धूर, कानात सुनंदाचं वाक्य आणि समोरची बाई ओरडते 'आगु'! माणूस घाबरतो तो मातृभाषेतच घाबरतो. मला ऐकू आलं, "आग! आग!"

"आग!" मीही ओरडलो. (दोनदा. जावई पाच वेळा सांगतात.)

समोर तळं होतं. मी ब्रेकवरचे हात काढले.

पाणी सुंदर होतं. गार, थोडं हिरवं. मी सायकलीसकट कमरेइतक्या पाण्यात बसलो तेव्हा माझ्या डाव्या खांद्याशी एका म्हशीचं तोंड होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग तिखट पाण्यावर पसरत तिच्या नाकाशी गेलं.

म्हैस शिंकते हे मला तोवर माहीत नव्हतं. एक शिंकली, मग दुसरी, मग चारही जणी शेपट्या वर करून काठाला लागल्या. त्यातली एक, केदाररावांनी शिंकत आडव्या टाकलेल्या सायकलीच्या छापील किमतीच्या पिशवीवरून गेली. पिशवीला काही झालं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मनाला लागलं.

"बाबा, लागलं का?" मृणाल धावत आली.

"विझलं का बघ आधी!"

"काय विझलं?"

"मी!"

ती मटकन काठावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. केदाररावांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिखटाचं.

म्हशींची मालकीण यादम्मा मात्र हसत नव्हती. कमरेवर हात ठेवून तिने हिशेब मांडला, अर्धा तेलुगूत, अर्धा आमच्या बाजारातल्या हिंदीत. म्हशी बिथरल्या, आज पान्हा सोडणार नाहीत, संध्याकाळचं दूध गेलं. भरपाई म्हणून तिला थैलीत कोरडं उरलेलं सगळं तिखट हवं होतं. आणि स्टोव्हसुद्धा.

स्टोव्हसुद्धा! माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. पान्हा सोडणार नाहीत याला पुरावा काय? आणि शिंकल्याने म्हशीचं नाक साफ झालं त्याचे कोण देणार? पण मृणालने हसणं थांबवलं होतं. तिच्या नजरेत मला भालकीचा रस्ता दिसत होता. मी ओठ मिटले. ओल्या लेंग्यातून थंडी वाजत होती की आतून काही तुटत होतं, कोण जाणे.

"घ्या," मी म्हणालो. "सगळं घ्या."

यादम्माने माझ्याकडे, मग थैलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बेरम लेदा?" तिने विचारलं. म्हणजे, भाव नाही करणार?

मी मान हलवली.

ती एक पाऊल मागे सरकली. "कल्ती है क्या?"

भेसळ! माझ्या तिखटात भेसळ! मी बुडबुड्यासारखा पाण्यातून वर आलो. पण बाईचंही बरोबर होतं. जो माणूस भाव न करता माल देतो, त्याच्या मालात काहीतरी खोट असणारच. मीसुद्धा हेच म्हटलं असतं! तिने तिखटाला हात लावायला नकार दिला, वर गावातली माणसं बोलावते म्हणाली. मी केविलवाण्या नजरेने मृणालकडे पाहिलं.

तिने केदाररावांकडे पाहिलं. केदारराव शिंकले.

"बाबा," ती म्हणाली, "करा."

"काय?"

"भाव करा! आणि नीट करा!"

अहाहा! तळ्याकाठच्या चिंचेखाली सौदा काय रंगला म्हणून सांगू! मी बोटावर तिखट घेऊन यादम्माच्या तळहातावर ठेवलं. तिने चाखलं, डोळे मिटले आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "ठीकीच है." वा! खरी खेळाडू! मी स्टोव्ह काढून घेतला. तिने थैली ओढली. मी उठलो. तिने म्हशीचं नाक दाखवलं. मी बसलो. ती उठली. केदारराव धडा पाठ करत असल्यासारखे बघत होते. हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही खरंच निघाला होतात?"

"उठायचं खरं," मी कुजबुजलो, "पण चपला सावकाश घालायच्या."

शेवटी ठरलं ते असं : तिखट तिचं, स्टोव्ह माझा आणि वर आम्हा तिघांना ज्वारीच्या भाकरी, ताकाचा लोटा आणि रात्री तिच्या अंगणात झोपायला जागा. माझ्या पाठीला तिने स्वतः लोणी लावलं. (ते सौद्यात नव्हतं. मी तसं म्हटलं, तर ओरडली.) संध्याकाळी चारही म्हशींनी पान्हा सोडला. यादम्मा धारेवरून उठताना माझ्याकडे बघून एवढंच हसली. फसवलं होतं बाईने मला! बाजारात इतकी वर्षं काढली, असं निखळ कोणी फसवलं नव्हतं.

अंगणात पथारीवर पडल्यावर मी हळूच विचारलं, "मृणाल, मग भालकीचं काय?"

"अट तुम्ही मोडली नाहीत, बाबा. मीच मोडली," ती म्हणाली. "चाकात हवा भरून ठेवा."

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आता दिवाळी झाली आहे आणि येत्या आठवड्यात आम्ही निघतोय. परवा केदारराव माझ्यासाठी सामानाची नवी थैली घेऊन आले. चेहरा असा की जणू वाघ मारून आणलाय.

"बेगम बाजारातून आणली, बाबा. अर्ध्या भावात! मी उठलो, बूट सावकाश घातले आणि त्याने हाक मारली!"

मला भरून आलं. मी थैली हातात घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली आणि ओळखली. खाजामियाँकडची. त्याच मालातली.

एवढ्या आनंदात त्यांना काय सांगणार? म्हटलं, "वा, केदारराव! झक्कास सौदा!" मात्र या खेपेला तीत तिखट नेणार नाही. गावी भावकीला वाटायला घरची हळद भरली आहे. वाटेत थैली फुटलीच, तर इतक्या वर्षांनी भालकीत शिरताना मी निदान नवरदेवासारखा तरी दिसेन.