आत्याबाईंचा आवाज आणि दिलावरभाई

ऋषीनं दसऱ्याला नारळ फोडला आणि माझ्या सासूबाईंचा आवाज गेला. तुम्ही म्हणाल, ही बाई काय बरळतेय! थांबा, नीट सांगते. आणि सांगता सांगता माझा पारा चढला तर समजून घ्या, कारण तो नारळ आठवला की अजून चढतो.

मी मंगल. निमगाव सावाला अंगणवाडी चालवते, घरची शेतीही बघते. ऋषी माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, लग्नांचं शूटिंग करतो. आणि आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कुशाबाई. आजूबाजूच्या गावांत कुणाकडंही हळद असली की आत्याबाईंना बोलावणं ठरलेलं. जात्याचा खुंटा धरून त्या गायला बसल्या की बाकीच्या बाया आपोआप गप्प व्हायच्या. नवरा-नवरी, आई-बाप, काका-मामा, सगळ्यांची नावं त्या गाण्यात ओवायच्या. एखाद्याचं नाव राहिलं तर तो रुसून बसायचा, जेवायलाही उठायचा नाही, इतका त्या गाण्याचा मान.

मग त्यांच्या गळ्याला गाठ आली. जन्मभर मिश्री लावली, दुसरं काय होणार! पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण बोलता येणार नाही. आत्याबाई तडक उठून दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसल्या.

“मला न्हाई करायचं आपरेशन,” त्या म्हणाल्या. “आमच्या वृषीची हळद कोण म्हणंल मग? तुमचा डीजे?”

वृषाली माझी एकुलती एक लेक. तेव्हा ती कॉलेजात होती, लग्नाचा पत्ताही नव्हता. आम्ही समजूत घालून दमलो, म्हातारी काही हलेना. शेवटी ऋषी म्हणाला, “आजी, तुजी सगळी गाणी मी आधी भरून ठेवतो. वृषीच्या हळदीला तुजाच आवाज लागंल. शब्द देतो.” तेव्हा कुठं त्या तयार झाल्या. मग बरेच दिवस दुपारच्या वेळी त्या ओट्यावर जात्यापाशी बसून गायल्या आणि ऋषीनं माईक लावून सगळं भरून घेतलं. पुढं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता मला हाक मारायची तर त्या ताटलीवर उलथनं आपटतात, आणि रागावल्या की जरा जास्तच जोरात आपटतात.

ती गाणी ऋषीच्या हार्डडिस्कमध्ये होती. एवढीशी काळी डबी. लोकांच्या लग्नांचं शूटिंगही त्यातच कोंबलेलं. “आरं, दुसरीकडं एक प्रत काढून ठेव की,” म्हणून मी किती घसा कोरडा केला! ‘हो काकू, हो काकू’ करत त्यानं दिवस ढकलले. मग वृषालीचं लग्न जमलं. स्थळ पारगावचं, तारीख मार्गशीर्षातली. आत्याबाईंनी ऋषीला समोर उभा केला, आधी स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि मग त्याच्या स्टुडिओकडं हात केला. दिलेला शब्द ध्यानात आहे ना, असं त्या विचारत होत्या.

तेव्हा हा पठ्ठ्या जागा झाला. दसऱ्याच्या सकाळी डबी कॉम्प्युटरला जोडून प्रत काढायला बसला. पण दसरा म्हणजे आमच्याकडं पोट भरणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा. कुणी नांगर पुजतो, कुणी ट्रॅक्टर, कुणी शिलाई मशीन. ऋषीनं कॅमेरा पुजला, कॉम्प्युटर पुजला, आणि चालू डबीवरही झेंडूचं फूल ठेवून हळदीकुंकू वाहिलं. इथपर्यंत ठीक. पण नारळ? दारात दगड होता, तो त्याला दिसला नाही. त्यानं नारळ आपटला डबी ठेवलेल्या त्याच लोखंडी टेबलाच्या कडेवर! पहिल्या दणक्यात फुटला नाही म्हणून पुन्हा आपटला. नारळ फुटला आणि डबी खर्र खर्र करायला लागली. कॉम्प्युटर विचारायला लागला, फॉरमॅट करायचं का? फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून पाटी कोरी. नशीब, तेवढं त्यानं केलं नाही.

मला कळलं तेव्हा तो ती डबी काढून पुन्हा लावत होता, पुन्हा काढत होता, आणि माझी जाऊ ओझरच्या विघ्नहराचा अंगारा घेऊन शेजारी उभी होती. “आण इकडं ती!” म्हणून मी डबी हिसकावली आणि ऋषीला असं फैलावर घेतलं की शेजारच्या रत्नाबाई भांडण सोडवायला आल्या.  बिचाऱ्या पोराचेच डोळे भरले होते.

अशा डिस्क दुरुस्त करणाऱ्या जुन्नरच्या दिलावरभाईंचं नाव रत्नाबाईंनीच सांगितलं. आम्ही गाडीवर जुन्नर गाठलं. पेठेतल्या एका बोळात दुकान, आत उघडे पडलेले जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, कॉम्प्युटर, आणि मधोमध हा आडवातिडवा माणूस, चष्मा कपाळावर, तोंडात बडीशेप, बोलणं सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं. आम्ही झालेलं सांगितलं तर आधी तो पोट धरून हसला.

“लोकं फोन पाण्यात पाडून आणत्यात, पोरं आपटून आणत्यात,” तो म्हणाला. “नारळानं मारलेली डिस्क मी पयल्यांदा बघतोय, राव!” आणि मग एकदम ऋषीवर उखडला. “आन त्यानंतर परत परत लावत कोण व्हतं? पाय मोडलेल्या माणसाला कोण पळवतं का? एकदा आवाज आला की हात लावायचा न्हाई, बंद करायची, गप आणायची!”

मला तो तिथंच आवडला. माझ्यासारखाच तोंडाळ. जावेनं दिलेली अंगाऱ्याची पुडी मी हळूच पुढं केली तर म्हणाला, “असू द्या वहिनी, पण पुडीतच. वर फळीवर ठेवा. डबीला लावू नका, आत धूळ गेली तर तुमचा देव आन मी, दोघं बी हात टेकू.”

मग त्यानं जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही. “यातलं सगळ्यात आधी काय पायजे? सगळं पायजे असं म्हणू नका. ही कधी दम तोडंल सांगता येत न्हाई. जे आधी उचलंन ते तुमचं, बाकीचं नशिबाचं.”

मी ऋषीकडं बघितलं. त्या डबीत लोकांची लग्नं होती, त्याचं पोट होतं. ती गेली असती तर त्याला तालुक्यात कुणी दारात उभं केलं नसतं. माझी जीभ उचलेना. ऋषीनंच मान वर केली आणि म्हणाला, “आजीची गाणी आधी.” मघाशी मी ज्याला वाट्टेल ते बोलले होते, त्या पोराच्या पाठीवरून मी भर दुकानात हात फिरवला.

दिलावरभाईंनी सरळ सांगितलं, “येईल असं मी म्हणणार न्हाई. न्हाई येणार असं बी म्हणणार न्हाई.” त्यांच्या बायकोनं, नूरबीनं, घरातून एक गोधडी आणून टेबलावर घडी घालून अंथरली, म्हणजे रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गेले तरी हादरा लागू नये. त्यावर डबी. काम असं की डबीतलं जे सहज वाचता येतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. जिथं अडकेल तिथं हट्ट करायचा नाही, पुढं जायचं. चांगलं सगळं हाती आलं की मग मागं येऊन अडलेल्या जागा एकेक करून पुन्हा विचारायच्या. “कांदा निवडता तसं,” ते मला म्हणाले. “चांगला आधी टोपलीत. सडक्याशी झटापट मागनं.” डबी तापली की ते काम थांबवायचे, पंख्याखाली तिला गार होऊ द्यायचे, आणि तोवर गिऱ्हाइकांवर ओरडायचे.

मी दोन-तीनदा जाऊन आले. एकदा नूरबीनं चहा देताना सांगितलं की दिलावरभाई आधी नुसते रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. त्यांचा थोरला भाऊ फुरकान वारला. त्याचे बोललेले निरोप यांच्या मोबाईलमध्ये होते. मोबाईल बंद पडला म्हणून दूर कुठल्या तरी दुकानात दिला. तिथल्या माणसानं झटक्यात चालू करून दिला, पण सगळं पुसून. “फोन चालू झाला म्हणून ह्ये हसत घरी आले,” नूरबी म्हणाली, “आन मग भावाचा आवाज शोधत बसले.” त्यानंतर त्यांनी हे काम शिकून घेतलं, कुठं कुठं जाऊन, कुणाकुणाचे पाय धरून. 

घरी आत्याबाई रोज संध्याकाळी ऋषीला बघून ताटलीवर आपटायच्या. एक तरी गाणं लाव, असं त्यांचं म्हणणं. ऋषी काहीतरी थाप मारून सटकायचा. मी त्यांची नजर चुकवून जेवायला वाढायचे. म्हातारीनं आमच्या भरवशावर गळा दिला होता हो!

दिवाळी झाली आणि दिलावरभाईंचा फोन आला. नेहमीचा ठणठणीत आवाज नव्हता.  मी एकटीच गेले, ऋषी शूटिंगला होता.

“गाणी आली,” ते म्हणाले. “लग्नं बी आली, एका लग्नाची वरात तेवढी गेली. पण वहिनी, हळदीच्या शेवटच्या गाण्यात एक जागा कोरी हाय. बाकीची भोकं मी भरून काढली, ही भरंना. किती दिवस मागं लागलो. माजं नशीब तिथं थकलं. माफ करा.”

त्यांनी गाणं लावलं. आत्याबाईंचा आवाज त्या बोळात घुमला आणि मला रडू फुटलं. मग ती ओवी आली:

“हळदीचा गं वास साऱ्या अंगणात दाटं,
मामा...”

आणि शांतता. जात्याचीसुद्धा घरघर नाही. मग पुन्हा आवाज:

“...पाठीशी गं, नात माझी धीट वाटं.”

“ऐकलं?” दिलावरभाई खाली मान घालून म्हणाले. “ह्ये गेलं.”

मी रडत होते ती हसायला लागले. “अहो भाई, काय गेलं न्हाई! तिथं मामाचं नाव येतं. मला भाऊ न्हाई, वृषीला मामा न्हाई. तवा आत्याबाईंनी जातं थांबवलं आन जागा सोडली. म्हणल्या, त्या वक्ताला जो मामा म्हणून उभा राहील त्याचं नाव घाला.”

त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. मग कपाळावर हात मारला. “या अल्ला! आन मी तिला दुरुस्त करत बसलो व्हतो!” आतून नूरबी एवढ्या मोठ्यानं हसली की दिलावरभाईही हसायला लागले. त्यांनी आपले पैसे रीतसर घेतले, मीही आनंदानं दिले. हळदीला दोघांनी यायचंच, असं बजावून मी निघाले.

घरी येऊन आत्याबाईंना सगळं खरं सांगितलं. नारळाचं सांगितलं तेव्हा त्यांनी उलथनं ऋषीच्या दिशेनं उगारलं. दिलावरभाईंच्या भावाचं सांगितलं, कोऱ्या जागेसाठी ते किती झटले ते सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी उलथनं खाली ठेवलं.

हळदीला मामा म्हणून माझ्या नात्यातला लांबचा भाऊ सावळेराम ठरला होता. बायांना बजावून ठेवलं होतं, त्या जागी ‘सावळेराम’ म्हणायचं. मांडवात आत्याबाई जात्यापाशी बसल्या, हात खुंट्यावर. ऋषीनं गाणं लावलं. त्यांचा स्वतःचा खणखणीत आवाज स्पीकरमधून आला तशा त्या क्षणभर दचकल्या, मग जातं फिरवायला लागल्या. ओठ हलत होते, आवाज वरून येत होता. पाटावर वृषाली रडत होती, मी रडत होते, सगळ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. पलीकडं पुरुषांच्या खुर्च्यांत दिलावरभाई नारळाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होते.

ती ओवी आली. “मामा...” बायांनी तोंड उघडलं, आणि आत्याबाईंनी हात वर केला. ऋषीनं गाणं थांबवलं. त्या उठल्या, खुर्च्यांमधून वाट काढत गेल्या आणि दिलावरभाईंचं मनगट धरलं.

“काय झालं आजी? आवाज फाटतोय का?” ते घाबरून उठले.

आत्याबाईंनी त्यांना ओढत आणून वृषालीच्या पाटामागं उभं केलं, त्यांच्या कपाळाला हळद लावली आणि ऋषीला खूण केली, पहिल्यापासून लाव. गाणं पुन्हा त्या जागेवर आलं. बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मला गाता येत नाही, माझा आवाज फाटका, पण मीच पहिल्यांदा म्हणाले, “दिलावर!” मग सगळ्या मांडवानं ते उचललं.

“आरं मंग मी काय करू?” सावळेराम हसत ओरडला. “चला, उद्या दोन मामा. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ह्ये!”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माईकवरून पुकारलं, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.’ दोघं मामा आले. दिलावरभाईंच्या डोक्याला फेटा, चष्मा ओला, आणि एवढा बोलघेवडा माणूस वृषालीचा हात धरून नुसता चालत होता. मी आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या आईला मुलगा झाला नाही, म्हणून मला भाऊ नव्हता. आत्याबाईंनी एक शब्द न बोलता तो मला दिला.