वहीतलं अक्षर

बदकं मोजायची आमची एक रीत होती. आमचे हे दुर्बिणीतून बघत आकडा सांगायचे, मी तो मोठ्याने परत म्हणायचे आणि मगच वहीत लिहायचे. न म्हणता लिहिलं की यांचा पारा चढायचा. दर जानेवारीत एका रविवारी सकाळी विरारहून स्कूटरने गासला, मिठागराच्या बांधावर जायचं, असा अकरा वर्षांचा नेम. "मी काय तुमची कारकून आहे?" मी कुरकुरायचे. "मग घे, तू बघ तरी एकदा," म्हणत हे दुर्बीण पुढे करायचे. मी कधी घेतली नाही. घरी स्वयंपाक पडलेला असायचा ना! आता वाटतं, आग लागो त्या स्वयंपाकाला.

हे गेल्या पावसाळ्यात गेले. जानेवारी आला तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. वहीतली यंदाची ओळ कोरी राहिली तर यांचं सगळंच संपलं, असं काहीतरी डोक्यात बसलं. शेवटी रिक्षा करून गेले.

मिठागराचे म्हातारे मुकादम दरवर्षी भेटायचे. "वैनी, आज एकट्याच?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "पानी कमी हाय यंदा, पन बदकं आलीत," आणि कामाला गेले.

दुर्बीण डोळ्याला लावली आणि माझी फजिती मला कळली. अकरा वर्षं 'थापट्या', 'तलवार बदक' लिहीत आले, पण त्यातलं कुठलं कोण, हे मला ठाऊकच नव्हतं. मला ती फक्त यांच्या आवाजात माहीत. शेवटी हे सांगायचे त्या फावड्यासारख्या चोचीवरून थापट्या ओळखला. तीसपर्यंत मोजले, लिहायला मान खाली घातली, वर बघते तर सगळे इकडचे तिकडे. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या खेपेला वही बाजूलाच ठेवली. "थापट्या, बेचाळीस," मोठ्याने म्हटलं आणि हे थांबायचे तशी थांबले, कुणीतरी परत म्हणेल म्हणून. मग मीच म्हटलं, "बेचाळीस." आणि ढसाढसा रडले.

लिहून झाल्यावर मागची पानं चाळली. सगळीकडे अक्षर माझंच. नवी ओळही तशीच, त्याच वळणाची. वही बघणाऱ्याला हे गेलेत याचा पत्ताही लागला नसता. मला त्याचा भयंकर राग आला. पेन पुन्हा उघडलं आणि बेचाळीसच्या पुढे लिहिलं: एकटीने मोजले.